पंच्याण्णव पत्रे

तीस वर्षं मी लोकांच्या डोक्यावर चालतो आहे
आणि अजून कुणी रागावलेलं नाही.
अलूक्स्नेच्या पलीकडे, डांबर संपून खडी सुरू होते
तिथलं व्हेल्टाचं घर
जूनमध्ये उघडलं.

मुलगा गुंटिस आयर्लंडात, कोंबड्यांच्या कारखान्यात.
महिन्याला पैसे धाडतो, दर रविवारी हुकूम.
न्हाणीघर आत आलं, खिडक्यांना दुहेरी काच बसली,
आता छप्पर.
फोनवर म्हणाला, सगळं काढा, विष आहे ते.

खरंच विष. ॲस्बेस्टॉस.
म्हणून पांढरे झगे घातले, तोंडाला मुसकी बांधली,
मी आणि रेनिस.
व्हेल्टा अंगणातून ओरडली,
"आर्विड्सने उघड्या अंगाने चढवले होते, दातात खिळे धरून!"
मग थोड्या वेळाने, हळू:
"तो काही त्याने नाही गेला."
कशाने, ते मी विचारलं नाही.

चौऱ्याहत्तर साली सामूहिक शेतीच्या गोठ्यासाठी माल आला.
गोठ्याचं एक पाखं आखूड पडलं
आणि या घराचं पुरं झालं.
त्या काळच्या गोष्टी अशाच सांगतात, मधला भाग गाळून.

पत्रा फोडायचा नाही, असा नियम.
पाणी मारायचं, खिळा उपटायचा, उचलून खाली द्यायचा,
बाळंतिणीला खाटेवरून उतरवावं तसा.
मी मोजत होतो. शहाण्णव.

खाली रीपा, रीपांवर शेवाळ,
वटवाघळाचं एक वाळलेलं पिल्लू,
आणि वासे.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे.
हे फिरले नव्हते.
वाकले होते, बस.

रात्री ढग आले.
आभाळ फाटलं तर ठिगळ लावता येत नाही म्हणतात; आम्ही लावतो.
निळं असतं, कोपऱ्यांना कड्या.
व्हेल्टाला शेजारी स्काइड्रीटेकडे झोपायला सांगितलं होतं.
ऐकते कुठली.
सकाळी म्हणाली, ताडपत्री रात्रभर श्वास घेत होती.
"खूप वर्षांनी कुणीतरी."

तिसऱ्या दुपारी, दोन्ही पाखं रिकामी झाल्यावर,
खाली खट् वाजलं.
आर्विड्सच्या अवजारांच्या खोलीचं दार,
सोळा वर्षं चौकटीत रुतलेलं.
गुंटिसने लाथा मारून पाहिल्या होत्या,
मी उद्या पहार लावणार होतो.
ते आपलं आपण सुटलं. बोटभर.
व्हेल्टा आत गेली नाही. तिने दार लोटलं.
ते परत उघडलं.
तिने परत लोटलं.

नवा पत्रा हलका, विटकरी रंगाचा, दोन दिवसांत बसला.
आढ्यावर तिने ओकच्या पानांचा हार बांधायला लावला.
तो नव्या घराला बांधतात, वासे चढले की.
रेनिस तसं म्हणू लागला, मी त्याला कोपर मारलं.
हाराखाली बिअर झाली, शहाजिरं घातलेलं चीज झालं,
फोनच्या पडद्यावर गुंटिस, रबरी एप्रनमध्ये:
छान दिसतंय, आई.

जुना माल विषारी कचऱ्याच्या खड्ड्यात गेला.
काट्याची पावती, दोन टन दोनशे दहा किलो.
तिने चष्मा शोधला, वाचली.
"एवढं होतं?
आणि आम्ही खाली बटाटे सोलत होतो."

पावतीवर नग पंच्याण्णव.

मी मोजण्यात चुकत नाही.
निघताना गाडी वळवली तेव्हा दिसला,
खुराड्यामागे, खाजऱ्या झुडपांत,
पोत्याखालून एक कोपरा बाहेर.
कायदा मला पाठ आहे, दंडाचा आकडासुद्धा.
रेनिसनेही पाहिलं असावं;
तो रेडिओची कळ फिरवत राहिला.

पोतं ओलं होतं.
म्हणजे पाणी मारायचं असतं, हे तिने ऐकलं होतं.
मी काच वर केली.